मध्यवस्तीतील उंच इमारती आणि सुशोभीकरण: रहिवाशांना काय वाटते?

प्रश्न: शहराच्या मध्यवस्तीत जुन्या दुमजली घरांच्या जागी उत्तुंग मनोरे उभे राहत आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी कारंजी, कुंड्या व रंगीत दिवे लावून त्यालाच सुशोभीकरण म्हटले जाते. तेथे राहणाऱ्यांना हा बदल कसा वाटतो?

प्रतिसाद १: उंचीला माझा सरसकट विरोध नाही, आक्षेप आहे तो मनोरा जमिनीला जिथे टेकतो त्या भागाला. उंच, सपाट भिंतीवर आदळलेला वारा खाली वळतो आणि पदपथावर चालणे अवघड करतो. कॅनडातील व्हँकुव्हर शहरात रूढ झालेल्या पद्धतीप्रमाणे ठेंगण्या, रुंद पायथ्यावर सडपातळ मनोरा मागे सरकवून बांधला, तर हा वारा बराचसा पायथ्याच्या छतावरच अडतो आणि रस्त्यालगत दुकानांनाही जागा मिळते.

प्रतिसाद २: सावलीची तक्रारही जुनीच आहे. न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली पूर्ण झालेल्या इक्विटेबल बिल्डिंगच्या अवाढव्य सावलीवर बरीच टीका झाली आणि शहराच्या १९१६ च्या बांधकाम नियमावलीने ठरावीक उंचीनंतर इमारतीचा वरचा भाग रस्त्यापासून मागे घेणे बंधनकारक केले. काचेचे तर विचारूच नये: लंडनमधील एका अंतर्वक्र मनोऱ्यावरून परावर्तित झालेल्या उन्हाने २०१३ मध्ये खाली उभ्या असलेल्या मोटारीचे काही भाग वितळले होते.

प्रतिसाद ३: कुंड्यांपेक्षा जुनी झाडे वाचवावीत. तळघरातील वाहनतळ जागेच्या सीमेपर्यंत खणला, की मुळांना मातीच उरत नाही. हे आराखडा मंजूर होण्यापूर्वीच पाहावे लागते.