वाफेच्या गोव्यातला नायक कोण? राणे की फायरमन?

मांडवीकाठ:
स्टीमपंक म्हणजे वाफेच्या यंत्रांचा काळ कल्पनेने निराळ्या वाटेला लावणारी साहसकथा. गोव्यात तिला जागा शोधावी लागत नाही. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने रेल्वेची वाट मोकळी केली, आणि त्याच कराराने आपले मीठ इंग्रजांच्या मुठीत गेले. 1888 साली मुरगावहून निघालेली मीटरगेज गाडी दूधसागरावरून घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकला पोचली. घाटात नवे इंजिन, खाली ओस मिठागरे.

माझे मत ठाम आहे. मला लिहायच्या अशा कथेचा नायक फायरमन, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा मारणारा, असावा आणि पुढारीपण त्याला नको असावे. घाट चढताना बॉयलरमधले पाणी मागे, भट्टीकडे राहते. माथा ओलांडून उतार लागला की ते पुढे धावते. पाणी आधीच कमी असेल तर भट्टीचे छत उघडे पडून तापते, आणि बॉयलर फुटतो. आता गाडीत बंडखोर लपलेत, मागे शिपाई लागलेत, सगळे ओरडताहेत ‘पळव’, आणि हा एकटा म्हणतो ‘थांबा’. त्या ‘थांबा’पासून तो पुढारी होतो. भाषण करून नाही.

सत्तरीकर:
प्रसंग छान, मत पटले नाही. ‘नको नको’ म्हणत पुढे होणारा नायक हा बाहेरून आणलेला साचा वाटतो. आमच्या सत्तरीत, गोव्याच्या या डोंगराळ तालुक्यात, 1852 ला दीपाजी राणे पोर्तुगीजांविरुद्ध उठले ते कोणाच्या आग्रहाने नव्हे. लोक त्यांच्यामागे गेले, कारण त्या घराण्यावर भरवसा होता. संकटात माणूस ओळखीचे दार ठोठावतो. काल कोळसा मारणाऱ्याच्या शब्दावर आज शंभरजण जीव टाकतील, हे वाचकाने का मानावे?

मांडवीकाठ:
मग 1895 बघा. आफ्रिकेतल्या मोझांबिकला पाठवायचा हुकूम आला तेव्हा पोर्तुगीज फौजेतल्या मराठा शिपायांनी बोटीवर चढायला नकार दिला. त्याच घराण्यातले दादा राणे त्यात नंतर आले. म्हणजे सुरुवात पगारी शिपायांनी केली, ज्यांना राज्य उलथायचे नव्हते, फक्त परमुलखात मरायचे नव्हते. मला त्या बराकीतली पहिली रात्र लिहायची आहे.

सत्तरीकर:
आणि शेवटी ते राण्यांकडेच गेले ना? तुमच्याच उदाहरणात माझे उत्तर आहे.

खाजणातली:
तुम्ही दोघेही एकाच माणसाभोवती फिरताय. माझे माहेर खाजणाकाठचे, म्हणजे खाडीचे पाणी बांधाने अडवून केलेल्या शेतांचे. बांधातल्या मानशीची (पाणी सोडायच्या झडपेची) दारे भरतीला आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात, वाफ लागत नाही की कोळसा. पण बांध फुटला तर गावकारीतली (शेती सामाईक सांभाळणाऱ्या गावसंस्थेतली) सगळी घरे रात्रीच बाहेर पडतात, कारण खारे पाणी शिरले की शेत वाया जाते. तिथे पुढारी कोण? ज्याला फट आधी दिसली तो. काम झाले की तो पुन्हा आपल्या वाफ्यात. यंत्राच्या झगमगाटात हा माणूस हरवतो, म्हणून मला स्टीमपंकची धास्ती वाटते.

आणि ‘पुढारीपण नको’ याला कारण हवे. लाजाळू आहे, साधा आहे, एवढ्याने भागत नाही. तो घाटात अडकला तर घरच्या बांधावर चिखल कोण घालणार? हे मला पहिल्या पानावर दिसले पाहिजे.

मांडवीकाठ:
हे मी घेतो. फायरमनचे घर खाजणात ठेवतो. अमावास्येची मोठी भरती आणि घाटातली गाडी, एकाच रात्री.

सत्तरीकर:
घर कुठेही ठेवा. माथ्यावर तो ‘थांबा’ म्हणेल तेव्हा त्याचे कोणीतरी ऐकले पाहिजे. त्या डब्यात एक तरी सत्तरीचा माणूस बसवा, जो आधी विचारेल, ‘तू कोणाचा रे?’ त्याचे उत्तर लिहून दाखवा, मग मी मानेन.