ट्रेव्हर रॅबिन कुठून ऐकायला घ्यावा? (रॉक गिटार ते बॅकग्राउंड स्कोअर)

सहावी_तार
मंडळी सल्ला हवाय. परवा टीव्हीवर नॅशनल ट्रेझर लागला होता, सुरुवातीच्या नावांमध्ये संगीत ट्रेव्हर रॅबिन असं वाचलं आणि उडालोच, कारण माझ्यासाठी हा माणूस म्हणजे येस या ब्रिटिश रॉक बँडचं 'ओनर ऑफ अ लोन्ली हार्ट' हे गाणं, संपला विषय. मग शोधलं तर कॉन एअर, आर्मागेडन, गॉन इन सिक्स्टी सेकंड्स, सगळीकडे हाच! मी पुण्यात एका बँडमध्ये गिटार वाजवतो, सध्या मित्राच्या शॉर्टफिल्मचं बॅकग्राउंड करतोय आणि रिफच्या (गिटारवर परत परत वाजणाऱ्या तुकड्याच्या) पुढे काही सुचतच नाही, प्रत्येक सीनला आपलं पॉवर कॉर्ड, म्हणजे तोच दोन सुरांचा जड रॉक ठोका. तर याचं काय काय ऐकू, कुठल्या क्रमाने? नुसती यादी चिकटवू नका प्लीज, यादी माझ्याकडे आहे.

कॅसेटवाला_काका
येसचा ९०१२५ आधी पूर्ण ऐक बाळा, १९८३ चा अल्बम, नाव म्हणजे निव्वळ रेकॉर्ड कंपनीचा कॅटलॉग नंबर. गंमत अशी की हा येसचा अल्बम म्हणून सुरूच झाला नव्हता. रॅबिन आणि येसचेच जुने ख्रिस स्क्वायर, ॲलन व्हाइट वगैरेंनी 'सिनेमा' नावाचा बँड काढला होता, येसचा जुना गायक जॉन अँडरसन बऱ्याच उशिरा गायला आला आणि मग म्हणाले आता येसच म्हणूया. त्या जुन्या नावाची आठवण म्हणून 'सिनेमा' नावाचा छोटा इन्स्ट्रुमेंटल तुकडा अल्बमवर आहे, त्याला ग्रॅमी मिळालं. 'ओनर' १९८४ च्या जानेवारीत अमेरिकेत एक नंबरला गेलं, येसचं तिथलं एकमेव एक नंबर. आमच्या वयाचे सत्तरच्या दशकातल्या येसवाले अजून नाकं मुरडतात, म्हणतात पॉप केलं. केलं तर केलं, सोलो ऐक ना, पिच शिफ्टरने (सूर वरखाली करणाऱ्या यंत्राने) पंचमाचा सूर जोडून वाजवलाय, आजही दचकायला होतं. अल्बमचा प्रोड्यूसर मात्र ट्रेव्हर हॉर्न होता, दोन ट्रेव्हरांत गल्लत नको.

मिक्सिंग_चालू
काकांचं बरोबर आहे पण तुझा प्रश्न स्कोअरचा आहे, म्हणून मी उलट्या टोकाने सांगते. (मुंबईत हेच काम करते, बहुतेक वेळ सीरियल, कधीमधी वेब.) हा माणूस गिटारवरून सिनेमात गेला असं वाटतं, पण पाया वेगळाच आहे. जोहान्सबर्गचा, जन्म १९५४, वडील तिथल्या सिंफनी ऑर्केस्ट्रात प्रमुख व्हायोलिनवादक, लहानपणापासून पियानो, मग पोरसवदा वयातच सेशनची, म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवायची कामं. रॅबिट नावाचा बँड होता, दक्षिण आफ्रिकेत पोरी अक्षरशः किंचाळायच्या, पण वर्णभेदी राजवटीमुळे तिथल्या बँडला बाहेर दारं बंदच. हा १९७८ च्या सुमारास लंडनला गेला, नंतर लॉस एंजेलिसला. म्हणजे स्ट्रिंग्ज कशा लिहायच्या हे त्याला मोठ्या रॉक यशाच्या आधीपासून कळत होतं. तू पियानो किंवा कीबोर्डवर बसून लिहायला लाग, गिटारवर बोटं सवयीच्या जागी जातात.

आता ऐकायचं काय तर १९९४ चा येसचा 'टॉक'. प्रोड्यूसर रॅबिन स्वतः, आणि तेव्हा टेप सोडून कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर रेकॉर्ड केलेल्या सुरुवातीच्या मोठ्या अल्बमपैकी हा एक. शेवटचं 'एंडलेस ड्रीम' पंधरा मिनिटांचं आहे, त्यात एक थीम मधेच पियानोवर, मग पूर्ण बँडवर, परत हळू, अशी फिरते. ती त्याची स्कोअरची शाळाच समज. विकला मात्र गेला नाही फारसा, दौरा झाल्यावर त्याने बँड सोडला आणि १९९६ ला स्टीव्हन सीगलच्या एका मारधाडपटापासून सिनेमाचं काम धरलं.

ठाणेकर_बेस
थोडं वेगळं मत. मला त्याची ब्रुकहायमर या निर्मात्याची पिक्चरं सगळी सारखीच वाटतात, हेलिकॉप्टर, सूर्यास्त, ब्रास, ढोल, वरून गिटार. आणि आर्मागेडन म्हटलं की लोक एरोस्मिथ बँडचं गाणं आठवतात, ते याचं नाहीच, डायान वॉरनने लिहिलंय. शिवाय कॉन एअर मार्क मॅन्सिनाबरोबर, एनेमी ऑफ द स्टेट हॅरी ग्रेगसन-विल्यम्सबरोबर, त्यातलं कुठलं कोणाचं कसं ओळखणार? शिकायचंच असेल तर रेडिओहेड बँडचा गिटारवाला जॉनी ग्रीनवुड घे. देअर विल बी ब्लड हा पिक्चर, २००७, गिटार शोधूनसुद्धा सापडत नाही. नाहीतर २०१५ चा 'जुनून' अल्बम, जोधपूरच्या मेहरानगडावर आपल्याच राजस्थानी वादकांबरोबर आणि शाय बेन त्सूर या इस्रायली संगीतकाराबरोबर रेकॉर्ड केलाय.

मिक्सिंग_चालू
@ठाणेकर_बेस ग्रीनवुड भारी आहे, वाद नाही, पण पहिल्या शॉर्टफिल्मला तसल्या स्ट्रिंग्ज लिहायला गेलास तर दिग्दर्शक पळून जाईल 😄 आणि सारखं वाटतं म्हणतोस ना, ते थोडंफार खरं, पण तो मागणीचाच भाग होता. एकाच वर्षातलं, म्हणजे २००० चं, गॉन इन सिक्स्टी सेकंड्स आणि रिमेंबर द टायटन्स लागोपाठ ऐक. पहिल्यात लूप, गाड्या, गिटार. दुसऱ्यात साधी थीम, घाई नाही, थर चढत जातात. त्यातला 'टायटन्स स्पिरिट' २००८ च्या निवडणुकीत ओबामांच्या विजयाच्या भाषणानंतर शिकागोत वाजवला होता, म्हणजे पिक्चर न बघितलेल्यांनाही पोचला.

@सहावी_तार तुझ्या पॉवर कॉर्डचं मुख्य दुखणं सांगू का, डिस्टॉर्शनची गिटार जिथे टोचते तिथेच माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं असतात, साधारण दोन ते चार किलोहर्ट्झ. मग मिक्सला डायलॉग ऐकू यावा म्हणून तुझीच गिटार खाली दाबतात आणि तू चिडतोस. डायलॉग असेल तिथे सूर चेलोला किंवा हॉर्नला दे, नाहीतर क्लीन गिटारची एकच लांब नोट. गिटार मोकळी सोड ती गाडी पळते तेव्हा, तोंडं बंद असतात तेव्हा.

सहावी_तार
ताई हे सोनं आहे, कारण माझ्या फिल्ममध्ये सात मिनिटं दोघं नुसती भांडतात 😭 मग तिथे काय टाकू?

मिक्सिंग_चालू
काहीच नाही. भांडण संपून दार आपटल्यावर सुरू कर.

कॅसेटवाला_काका
आणि एकटा रॅबिन ऐकायचा असेल तर १९८९ चा 'कान्ट लुक अवे', मग २०१२ चा 'जॅकरँडा', तो जवळपास पूर्ण इन्स्ट्रुमेंटल आहे, जॅझ, कंट्री सगळं एकत्र, आणि २०२३ चा 'रिओ', त्यात ड्रम्स सोडले तर जवळपास सगळी वाद्यं स्वतःच वाजवलीत, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी. 'रिओ'मध्ये आवाजांचे थर फार आहेत, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नकोस, बरे हेडफोन लाव.

ठाणेकर_बेस
'जॅकरँडा'ला माझंही अनुमोदन. तेवढा एक चालेल.