रूमर्स: प्रामाणिक अल्बम की गाण्यातून काढलेला सूड?

कट्टेकरी:
फ्लीटवुड मॅक या ब्रिटिश-अमेरिकन रॉक बँडचा १९७७ चा 'रूमर्स' म्हणजे ब्रेकअपवरचा सगळ्यात प्रामाणिक अल्बम, असं जो तो म्हणतो. मला नाही पटत. गिटारवाला-गायक लिंडसी बकिंगहॅम आणि गायिका स्टीव्ही निक्सची ओळख हायस्कूलपासूनची, बँडमध्ये आले तेही जोडीने, आणि फाटल्यावर या बाबाने 'गो युअर ओन वे'मध्ये तिच्यावर सरळ चिखलफेक केली, म्हणजे हिला काय, निघायचं आणि दुसऱ्या कुणाकडे राहायला जायचं, या थाटात. ती ओळ काढ म्हणून तिने सांगितलं तरी याने ठेवलीच. वर दर कॉन्सर्टला तिनेच त्याच्या शेजारी उभं राहून कोरस द्यायचा! गाणं भारी आहे, त्यात वादच नाही, पण याला सूड म्हणतात.

साउंडचेक:
अरे पण ती गप्प बसली का? 'ड्रीम्स' ऐक नीट. जवळजवळ आख्खं गाणं एफ आणि जी या दोन कॉर्डांवर, आवाज कुठेही चढवत नाही, आणि शांतपणे त्याला सांगते की जा, एकटा पडलास की कळेल. अमेरिकेत बँडचं एकमेव नंबर वन गाणं हेच, त्याचं 'गो युअर ओन वे' दहाव्या नंबरपर्यंतच गेलं. आणि गंमत म्हणजे दोन कॉर्डांत कंटाळा येऊ नये म्हणून प्रत्येक भागाला वेगळा रंग दिला तो लिंडसीनेच. स्वतःवर केलेलं गाणं स्वतः सजवून दिलं. तमाशातले सवाल-जवाब आहेत हे, सूड कसला!

कट्टेकरी:
सवाल-जवाबात दोघांना सारखी पाळी मिळते रे. तिचा खरा जवाब 'सिल्व्हर स्प्रिंग्ज', तो लांब होतोय, एलपी रेकॉर्डवर मावत नाही म्हणून काढला. आणि टाकला कुठे, तर 'गो युअर ओन वे'च्याच सिंगलच्या मागच्या बाजूला. १९९७ च्या 'द डान्स' या लाइव्ह कॉन्सर्टमध्ये ती तेच गाणं त्याच्याकडे रोखून बघत गाते, तो व्हिडिओ बघ म्हणजे वीस वर्षं काय साठलं होतं ते कळेल.

साउंडचेक:
त्या जागी जे गाणं घेतलं तेही तिचंच होतं, हे कुणी सांगत नाही.

खर्जातला:
तुम्ही दोघंही त्या एकाच जोडप्यात अडकलात. बँडचा बेस गिटारवाला जॉन आणि कीबोर्ड वाजवणारी गायिका क्रिस्टीन मॅक्व्ही यांचं लग्न १९६८ चं, तेही याच काळात मोडलं. तिने बँडच्या लाइटवाल्यावर 'यू मेक लव्हिंग फन' लिहिलं, नवऱ्याला सांगितलं की हे माझ्या कुत्र्यावर आहे, आणि तो बिचारा त्याच गाण्यावर बेस वाजवतोय, तोही असला मस्त! त्याचं एकट्याचं एकही गाणं अल्बमवर नाही. 'द चेन'मध्ये सगळं थांबतं आणि नुसता बेस उरतो, मला तर तीच त्याची बाजू वाटते. प्रामाणिकपणा शोधायचाय तर तिथे शोधा.

कट्टेकरी:
बेसमध्ये काय वाट्टेल ते ऐकू येतं माणसाला. शब्द कुणाला मिळाले आणि कुणाचे कापले, एवढंच मी विचारतोय.

साउंडचेक:
अल्बमच्या २००४ च्या आवृत्तीत 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' क्रिस्टीनच्या 'साँगबर्ड' गाण्यानंतर बसवलंय, तशी सलग ऐकून सांग मधेच अल्बम रेंगाळतो की नाही ते. मला तरी रेंगाळतो, आणि हे मी स्टीव्हीचा पक्का फॅन असून म्हणतोय.