धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असं कोणी सांगितलं?

दाणाओळीकर

काल ‘ऊबदार’ यांनी त्यांच्या सिटी सेंटरच्या फ्लॅटमधल्या नव्या इथेनॉल फायरप्लेसबद्दल, म्हणजे बर्नरमध्ये स्पिरिटसारखं द्रव इंधन ओतून पेटवायच्या शेगडीबद्दल, इथे लिहिलं. ‘धूर नाही, राख नाही, धुराडं नाही, भिंत फोडायची नाही. शंभर टक्के सुरक्षित. दारं-खिडक्या लावून घ्या आणि मजेत बसा.’ खाली सगळ्यांनी विचारलं काय, तर कुठून घेतली आणि केवढ्याला पडली. शेवटच्या वाक्यावर एकानेही हटकलं नाही. मला ते वाक्य रात्रभर खुपलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मोह खरा आहे, ते आधीच मान्य करते. जानेवारीत आपल्या ग्वाल्हेरला पारा तीन-चारवर येतो, धुकं दुपारपर्यंत हलत नाही, आणि लष्कर भागातल्या जुन्या घरांत छताच्या दगडी पटिया रात्रभर गारठा सोडत राहतात. हीटरची सळई लाल होते, पण तिच्याभोवती कोणी गप्पा मारत बसत नाही. ज्वाळा दिसली की माणसं आपोआप सरकून जवळ येतात.

आता दुसरी बाजू. लाकडाच्या उघड्या फायरप्लेसमध्ये ऊब बहुतेक धुराड्यातून वर निघून जाते, खोलीच्या वाट्याला जेमतेम दहा-पंधरा टक्के येते. धुराडं काढून टाकलं की सगळी ऊब आत राहते. विकणारे हेच मोठ्या अक्षरांत छापतात. पण ज्या कारणाने ऊब आत राहते, त्याच कारणाने बाकीचं सगळंही आतच राहतं.

मी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, तेव्हा हिशोब मांडते. एक लिटर इथेनॉल पूर्ण जळलं की सुमारे दीड किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि जवळजवळ एक लिटर पाणी वाफ होऊन खोलीत येतं. १२ बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली अगदी घट्ट बंद असेल तर हवेतला कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर जातो आणि ऑक्सिजन २१ वरून १८ च्या आसपास उतरतो. इतकी घट्ट खोली कोणाचीच नसते, फटींतून हवा येत असते, हे मला ठाऊक आहे. पण ‘दारं-खिडक्या लावून घ्या’ म्हणजे त्या फटीच बुजवायला सांगणं झालं. ऑक्सिजन कमी पडला की इंधन अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक ओढीने चिकटतो. लाकडाचा धूर निदान खोकायला लावून माणसाला बाहेर तरी काढतो.

ऊबदार

ताई, तुम्ही माझ्या टेबलावरच्या वस्तूला कोळशाच्या शेगडीच्या रांगेत बसवलंत. माझ्या बर्नरमध्ये अर्धा लिटर मावतं आणि ते अडीच तास पुरतं. म्हणजे तुमचा हिशोब इथेच निम्म्यावर आला. युरोपात लोक या वस्तू सर्रास वापरतात, त्यांच्यासाठी २०१५ पासून ईएन १६६४७ हे मानकही आहे. हीटर लावला की कातडी तडकते, आईचे ओठ फुटतात, आणि ऐन थंडीत लाईट कधी जाईल याचा नेम नाही.

आणि एक सांगतो. बाबा गेल्यापासून आई संध्याकाळी तिच्या खोलीतून बाहेरच येत नव्हती. आता दिवेलागणीला स्वतःहून समोर येऊन बसते, गजकेचा, म्हणजे तिळाच्या वडीचा, तुकडा मोडत माधवगंजच्या घरातल्या गोष्टी सांगते. हे तुमच्या हिशोबात कुठे बसतं?

दाणाओळीकर

आईंचं वाचून मनापासून बरं वाटलं. म्हणूनच गप्प बसवत नाही. ज्या मानकाचं नाव घेतलंत, त्याच मानकात या वस्तूला शोभेचं उपकरण म्हटलं आहे. खोली तापवायचं साधन म्हणून ते बनवलेलंच नाही. शोभेसाठी तासभर लावा, एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा, माझं काही म्हणणं नाही. वयस्क बाईंना रोज अडीच तास बंद खोलीत त्याच्यासमोर बसवायचं, याला माझा विरोध आहे. अर्ध्या लिटरनेही घट्ट खोलीत कार्बन डायऑक्साइड १ टक्क्यावर जातो, म्हणजे बाहेरच्या हवेच्या पंचवीसपट. त्यात डोकं जड होतं, झोप येते. लोकांना वाटतं, ऊब लागली म्हणून पेंग आली.

मुरारकर काका

आमचा जन्म शेगडीवर गेला. आजी खाटेखाली निखाऱ्यांची घमेली सरकवायची. कोणाला काही झालं नाही. आगीला कशाला नावं ठेवता, दोष तुमच्या फ्लॅटांचा आहे. आमच्या वाड्याला मधोमध चौक, वर झरोके, आणि दाराखालून मांजर सहज जाईल एवढी फट. आता बिल्डर स्लायडिंगची खिडकी बसवतो, कडेने सिलिकॉन भरतो आणि म्हणतो, धूळ येणार नाही. अहो, धूळ येत नाही तिथे हवा कुठून येणार? पाण्याची टाकी, लिफ्ट, पार्किंग सगळं विचारून घेता. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर दुसऱ्याची भिंत किती फुटांवर आहे, हे कोणी विचारतं का?

कंपू कोठी

काका, ‘काही झालं नाही’ हे सांगायला तेच मागे राहतात ज्यांना काही झालं नाही. थंडी पडली की दरवर्षी पेपरात बातमी असतेच, बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलं नाही. तुमच्या वाड्याला झरोके होते म्हणून निभावलं. फ्लॅटबद्दल मात्र तुमचं म्हणणं बरोबर आहे, नाइलाजाने मान्य करतो.

नवी सडक

मी केटरिंगमध्ये आहे, माझी भीती वेगळी आहे. जेवण गरम ठेवायच्या चेफिंग डिशखाली आम्ही स्पिरिटचे बर्नर ठेवतो. दुपारच्या उजेडात त्याची ज्वाळा दिसतच नाही. एका लग्नात पोऱ्याला वाटलं बर्नर विझला, म्हणून त्याने कॅनमधून वरून ओतलं. भडका थेट धारेवरून कॅनपर्यंत चढला. पोरगा हात झटकत राहिला आणि मागे टेबलाची झालर पेटली. इथेनॉलची वाफ खोलीच्या तापमानालाही पेट घेते, आणि गरम बर्नरवर तर लगेच. ऊबदारभाऊ, तुमच्या घरी लहान मुलं असतील तर हवेचा वाद नंतर घाला. आधी ठरवा की बर्नर विझून हाताला पूर्ण गार लागल्याशिवाय कोणीही त्यात थेंबसुद्धा ओतणार नाही. आणि कॅन त्या खोलीत ठेवू नका.

ऊबदार

हे पटलं. पुस्तिकेत लिहिलं आहे, पण इतक्या बारीक अक्षरांत की विकत घेताना दुकानदारानेही वाचलं नसावं.

थाटीपूरची सूनबाई

तुम्ही सगळे शोभेच्या वस्तूवर भांडताय. ती किती घरांत आहे? गॅस गिझर बघा, आमच्या गल्लीत घरोघरी आहे, आणि तोही न्हाणीघराच्या आत, खिडकी बंद, दाराला कडी. तीसुद्धा बिनधुराड्याची आगच आहे ना?

माझ्या चुलत सासूबाई पहाटे न्हायला गेल्या, तेव्हा पाणी पडल्याचा आवाज येत होता आणि त्या ओ देत नव्हत्या. दार तोडलं. त्या बादलीशेजारी बसल्यासारख्या कलंडलेल्या होत्या. उचलून गच्चीवर आणलं. करोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर घरात होता, बोटाला लावला तर ९८. दीर म्हणाले, बघा, ऑक्सिजन छान आहे, ॲसिडिटीची चक्कर असेल, झोपू द्या. मी ऐकलं नाही, गाडी काढायला लावली. डॉक्टरांनी न्हाणीघर आणि गिझर एवढंच ऐकलं आणि आधी तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला. बोटाच्या त्या चिमट्याला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरकच कळत नाही, रक्त लाल दिसलं की तो ९८ सांगतो. बाई वाचल्या. पण त्या सकाळी सगळे त्या आकड्याकडे बघून निर्धास्त होते, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

बाड्यावरचा

आता गिझरवर घसरलात! आमच्या घरी आठ माणसं, सकाळी सगळ्यांना शाळा-ऑफिस. विजेच्या गिझरवर तिसऱ्या माणसाला पाणी संपतं आणि बिल बघून डोळे पांढरे होतात. गॅसचा आहे म्हणून घर चालतं. काही गळत असतं तर गॅसचा वास आला नसता का? शिवाय आमच्याकडे एक्झॉस्ट पंखा आहे.

आणि पैशाचंच बोलायचं तर ती फायरप्लेस सगळ्यांत महाग. एक लिटर इथेनॉलमधून सहा युनिटांपेक्षाही कमी उष्णता मिळते. तेवढीच हीटर पन्नास रुपयांच्या आत देतो. ऊबदार, तुम्ही लिटरला किती मोजता?

ऊबदार

तीनशे. पण मी बिल वाचवायला घेतलीच नव्हती.

दाणाओळीकर

बाड्यावरचे, वास न जळलेल्या गॅसला असतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात, आणि गॅस जळला की तो वासही जळून जातो. कार्बन मोनॉक्साइडला नंतर कोणी वास लावत नाही. सहा लिटरचा गिझर तासाला जवळपास एक किलोच्या दराने गॅस जाळतो. ५ बाय ७ च्या बंद न्हाणीघरात तो सलग पंधरा मिनिटं चालला तर हिशोबाने ऑक्सिजन २१ वरून १५ कडे यायला लागतो, आणि तिथवर पोचायच्या कितीतरी आधी ज्वाळा बिघडते. आठ माणसं एकापाठोपाठ आंघोळ करतात म्हणता, म्हणजे शेवटच्या माणसाला पहिल्या सातांनी वापरलेली हवा मिळते. पंख्याचं विचाराल, तर दार घट्ट असेल आणि हवा आत यायला वाटच नसेल तर तो बाहेर टाकणार काय? दाराला खाली जाळी आहे का?

बाड्यावरचा

जाळी नाही. पण तुम्ही शिक्षिका आहात म्हणून सगळ्यांना वर्गात उभं केल्यासारखं बोलू नका.

पुण्यातून ग्वाल्हेरी

अमेरिकेतल्या बिनधुराड्याच्या गॅस फायरप्लेसना एक सेन्सर असतो, ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की गॅस बंद. तो सेन्सर असूनही कॅलिफोर्नियात घरात असं उपकरण लावायला बंदी आहे. आपल्याकडे लोक यूट्यूब बघून विकत घेतात आणि प्रश्न विचारणाऱ्यालाच घाबरट म्हणतात. ग्वाल्हेर कधी सुधारणार?

मुरारकर काका

ग्वाल्हेर सुधारायची काळजी असती तर इथे राहिला असतात. आईवडिलांना इथल्या थंडीत ठेवायचं आणि तिकडून कॅलिफोर्नियाचे कायदे वाचून दाखवायचे!

पुण्यातून ग्वाल्हेरी

काका, हे बोलायला नको होतं. आईवडील इथे येत नाहीत, तो वाडा सोडायचा नाही म्हणून. दर दिवाळीला त्यांच्याशी हाच वाद होतो. आणि त्यांच्याच न्हाणीघरात गॅस गिझर आहे, मीच बसवून दिलेला. तुम्हाला काय वाटतं, मी कॅलिफोर्निया कशासाठी वाचत बसलो होतो?

कंपू कोठी

दोघेही थांबा. त्या वाड्याचं न्हाणीघर कुठल्या बाजूला आहे ते सांगा. मागच्या गच्चीला लागून असेल तर गिझर बाहेर भिंतीवर लावता येतो, आत फक्त गरम पाण्याची नळी येते. आमच्याकडे तसंच आहे. वर पत्र्याची छपरी, पावसापासून आडोसा, सिलिंडरही बाहेर. आतला मुलगा कितीही वेळ न्हाला तरी काळजी नाही.

थाटीपूरची सूनबाई

आम्हीही आता तेच केलं. प्लंबर आधी म्हणत होता की नळी लांब झाली की पाणी गार येईल. थोडं येतं, पहिली अर्धी बादली. पण ते गार पाणी चालतं आम्हाला.

मुरारकर काका

पुणेकर, जास्त बोललो. तुमचे वडील बहुधा माझ्या ओळखीचे निघतील. पत्ता मला वेगळा कळवा, मी स्वतः जाऊन भिंत बघून येतो. पण फ्लॅटच्या खिडक्यांबद्दल मी बोललो त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही.

ऊबदार

माझ्याकडून शेवटचं. फायरप्लेस मी विकणार नाही, आईसाठी ती राहणारच. ‘दारं-खिडक्या लावून घ्या’ हे वाक्य पोस्टमधून काढलं आहे, दाणाओळीकर ताईंचं समाधान झालं असेल अशी आशा करतो. तासाभराच्या वर लावणार नाही, तेही बाल्कनीचं दार थोडं उघडं ठेवून. आई म्हणते, मग ऊब कसली. तिला शाल दिली आहे.

दाणाओळीकर

समाधान निम्मं झालं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या, धुराचा नव्हे. दोन वेगळ्या वस्तू आहेत, धुराच्या अलार्मला हा वायू कळत नाही. आई बसतात त्या उंचीवर लावा, खिडकीच्या अगदी शेजारी नको. आणि भिंतीच्या कोपऱ्यात ओल किंवा काळे ठिपके दिसायला लागले तर ते त्या वाफेचं पाणी आहे असं समजा आणि दार आणखी उघडा.

बाड्यावरचा

दाराला खाली जाळी बसवायला सुतार किती घेतो? प्लायवुडचं दार आहे, वरून सनमायका.

नवी सडक

सनमायका कापताना कड उडते, करवतीने कापू देऊ नका. माझ्या ओळखीचा एक आहे दाल बाजारात, रविवारी पाठवू का?

बाड्यावरचा

पाठवा. आणि गिझर बाहेर काढायचा असेल तर नळी किती फूट लागते, तेही त्यालाच विचारा.

कंपू कोठी

ते सुताराला नाही, प्लंबरला विचारायचं. न्हाणीघर आणि गच्ची यांच्यामध्ये किती भिंती आहेत ते आधी मोजा, मग सांगतो.