मदत हवी आहे: बडोदा भूकंपाच्या 'झोन ३' मध्ये, मग आमच्या पार्किंगवाल्या बिल्डिंगची काळजी करायची की नाही?

कारेलीबागकर:
नमस्कार मंडळी. आमची बिल्डिंग १९९६ सालची. खाली मोकळं पार्किंग, वर चार मजले, सोळा फ्लॅट. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी पार्किंगमध्ये छातीपर्यंत चढलं होतं. ते उतरल्यावर दोन कॉलमांचं प्लास्टर फुगून पडलं. आतल्या सळया गंजल्यात, हात लावला की पापुद्रे सुटतात.

आता सोसायटीत दोन ठराव आलेत. अगाशीवर दहा हजार लिटरची आणखी एक टाकी बसवायची, आणि पार्किंगच्या रस्त्याकडच्या बाजूला भिंती घालून ऑफिस काढायचं, म्हणजे भाडं येईल. मी म्हटलं, आधी कॉलम तरी बघून घ्या, उद्या भूकंप झाला तर? यावर कमिटीतल्या एका काकांनी ग्रुपवर भारताचा रंगीत नकाशा टाकला: "कच्छ झोन ५, बडोदा झोन ३. मध्यम धोका. विषय संपला." त्याला अकरा अंगठे!

२६ जानेवारी २००१ ला आम्ही शाळेच्या मैदानात झेंडावंदनाला उभ्या होतो. पावणेनऊला जमीन हलली तेव्हा मला वाटलं, उपाशीपोटी चक्कर आली. संध्याकाळी टीव्हीवर अहमदाबादच्या कोसळलेल्या बिल्डिंगी पाहिल्या. पण अहमदाबादही झोन ३ मध्येच आहे ना? मग या नकाशातून नक्की काय समजायचं? आणि आधी बोलवायचं कुणाला?

निवांत_बडोदेकर:
ताई, एवढं काय घाबरता? बडोद्याला कधी काही झालंय का? गायकवाडांच्या काळातले वाडे अजून उभे आहेत की.

भरुचचा_भाचा:
बडोद्याचं सोडा, भरुचला २३ मार्च १९७० ला भूकंप झाला होता, ५.४ चा. सत्तर-एक किलोमीटर म्हणजे काही लांब नाही. आमच्या मामांच्या घराची मागची भिंत तेव्हापासून टेकूवर होती. वाडे उभे दिसतात ते उरलेले, पडलेले कसे दिसणार?

कॉलम_बीम:
कारेलीबागकर ताई, तुमचा शेवटचा प्रश्नच खरा आहे. अहमदाबाद झोन ३ मध्येच आहे, आणि भूकंपाचं केंद्र दोनशेहून जास्त किलोमीटर लांब, कच्छमधल्या भचाऊकडे होतं. तरीही बिल्डिंगी पडल्या. त्यातल्या बऱ्याच तुमच्यासारख्याच, खाली मोकळं पार्किंग आणि वर विटांच्या भिंतींनी भरलेले मजले. वरचा भाग पेटीसारखा ताठ राहतो आणि सगळी हालचाल खालच्या कॉलमांच्या वाट्याला येते.

तुमच्या काकांचा तो नकाशा आयएस १८९३ या, भूकंप धरून इमारतीचं डिझाइन करण्याच्या भारतीय संहितेतला. झोन ३ म्हणजे एमएसके मोजमापात (त्या जागी हादरा किती तीव्र, याचं मोजमाप) साधारण सातव्या तीव्रतेची हालचाल धरायची. २०१६ च्या आवृत्तीत डिझाइनला त्यासाठी ०.१६ हा गुणांक आहे; झोन ४ ला ०.२४, झोन ५ ला ०.३६. जमीन किती हलेल एवढंच तो आकडा सांगतो. तुमच्या सळईचा गंज त्याला दिसत नाही. आणि नकाशा मुख्यतः मागच्या भूकंपांवरून काढलेला. किल्लारी १९९३ च्या भूकंपावेळी सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होतं! २००२ च्या आवृत्तीत झोन १ काढून टाकला, तेव्हापासून नकाशा दोनपासून सुरू होतो.

खालची माती हा दुसरा मुद्दा, नकाशाच्या रंगात तोही येत नाही. पंधरा मीटर उंच फ्रेमचा (कॉलम-बीमच्या सांगाड्याचा) झोक्याचा काळ, म्हणजे एकदा हलून परत यायला लागणारा वेळ, भिंती न धरता, साधारण ०.५७ सेकंद निघतो. संहितेच्या सूत्रात तेवढ्या काळाला बलाचा गुणक खडकावर १.७५ आणि मऊ मातीवर २.५ येतो. झोन तोच, जागा बदलली आणि जोर सुमारे चाळीस टक्के वाढला. नदीकाठच्या गाळावर तुमची माती कुठली, ते बोअर घेतल्याशिवाय कुणी सांगू नये, मीही सांगत नाही.

ऑफिसचा ठराव आधी थांबवा. एकाच बाजूला भिंती घातल्या की ती बाजू ताठ होते आणि हलताना बिल्डिंग पिळते. टाकी म्हणजे अगदी वर दहा टन पाणी, त्यात टाकीचं स्वतःचं वजन वेगळं.

कारेलीबागकर:
दहा टन! काकांना हा आकडा सांगते. पण मग भिंती घालायच्याच नाहीत का? कॉलम जाड करायचे म्हणजे किती खर्च येईल?

कॉलम_बीम:
खर्च तपासणीआधी सांगणाऱ्याला फाटकातूनच परत पाठवा. भिंती घालता येतात, फक्त हिशेबाने, दोन्ही दिशांना, शक्यतो समतोल. मोकळ्या मजल्यासाठी २००२ च्या संहितेने कॉलम-बीम अडीचपट बलासाठी डिझाइन करायला सांगितलं होतं. तुमची बिल्डिंग त्याआधीची, म्हणजे ती ताकद मुळातच धरलेली नसणार.

बोलवायचा स्ट्रक्चरल इंजिनियर, रंगकामाचा ठेकेदार नव्हे. जुन्या आरसीसी इमारती तपासण्यासाठी आयएस १५९८८ आहे, त्याप्रमाणे रिपोर्ट मागा. रिबाउंड हॅमर (ठोका मारून काँक्रीटचा कडकपणा बघायचं यंत्र), दोन-तीन कोअर (काँक्रीटचे कापून काढलेले नमुने), आणि एक कॉलम खरवडून रिंगांचे, म्हणजे उभ्या सळयांभोवतीच्या आडव्या कड्यांचे, हूक बघायला सांगा. ते १३५ अंशात आत वळलेले हवेत. ९० चे असतील तर काँक्रीटचं कव्हर उडाल्यावर रिंग उघडते. आणि महानगरपालिकेत मंजूर नकाशा असतो, त्याची नक्कल आधी काढून ठेवा, इंजिनियर पहिल्या दिवशी तीच मागेल.

भरुचचा_भाचा:
त्या दोन कॉलमांवर कुणी नुसतं सिमेंट थापून 'रिपेअर' केलं नाही ना? आमच्याकडे तसं केलं होतं, वर्षभरात परत फुगलं.

कारेलीबागकर:
एकावर थापलंय. गेल्या दिवाळीला, पाहुणे येणार म्हणून. रविवारी सभा आहे, फोटो काढून नेते.