१७ मार्क म्हणजे किती वाईट? (मदत हवी आहे, सोमवारच्या आत)

कृष्णाकाठ:
घाईत लिहितेय, चूभूद्याघ्या. परवा तपासणीला गेलो तेव्हा बाबांसाठी नऊ प्रश्नांचा कागद दिला. २७ पैकी १७ आले. तिथली मुलगी म्हणाली, डिप्रेशन वाटतंय, सोमवारी मानसोपचारवाल्यांना दाखवा. दादा म्हणतो आधीच अकरा गोळ्या, त्यात वेड्यांची गोळी नको. १७ म्हणजे किती वाईट, एवढंच सांगा.

पाटीलबुवा:
कसली तपासणी? बाबांना झालंय काय?

कृष्णाकाठ:
अहो कॅन्सर. लिहिलं नाही का? स्वादुपिंडाचा, यकृतात गेलाय. केमो थांबवली.

हिरवं_पान:
ताई, हे डिप्रेशन वगैरे हल्लीचं खूळ. सकाळी अनुलोम-विलोम, रात्री दुधातून अश्वगंधा. माझ्या मेव्हण्याला पंधरा दिवसांत गुण आला.

पाटीलबुवा:
मेव्हण्याला कॅन्सर होता?

हिरवं_पान:
नाही, गडचिरोलीला बदली झाली होती.

रात्रपाळी:
पॅलिएटिव्ह वॉर्डात (बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करतात तिथे) नर्स आहे म्हणून लिहिते. कागद पीएचक्यू-९ असणार, डिप्रेशन चाचपायची प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३. १० किंवा त्यावर गेलं की नीट तपासून घ्या, इतकाच अर्थ. ते निदान नव्हे. गोम अशी की झोप, थकवा, भूक, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं हे पाच प्रश्न आजारानेच भरतात. मन खणखणीत असलेला माणूसही तिथे १५ पर्यंत जाईल. कुठल्या प्रश्नाला किती ते लिहा. आणि कागद भरला कोणी?

कृष्णाकाठ:
मीच. त्यांचा चष्मा घरी राहिला होता. झोप ३, थकवा ३, भूक ३, लक्ष २, मंदपणा २. उदास २ आणि कशात रस नाही २, हे माझ्या अंदाजाने. सातवीतला नातू आला तरी भिंतीकडे तोंड. स्वतःबद्दल वाईट वाटतं का, ०. शेवटचा तो मरावंसं वाटण्याचा, तो विचारायला जीभच रेटेना. शून्य टाकलं.

पाटीलबुवा:
म्हणजे पेपर मुलीने सोडवला आणि नापास बाबा!

रात्रपाळी:
बुवा, थांबा जरा. ताई, १७ पैकी १३ शरीराचे झाले. पण म्हणून सोडून देऊ नका. नातवाकडे पाठ फिरवणं मला त्या १३ पेक्षा जड वाटतं. अशा पेशंटमध्ये भूक-झोपेऐवजी हेच बघतात: माणसांतून अंग काढून घेणं, रडू येणं, चांगल्या बातमीनेही चेहरा न खुलणं. नववा प्रश्न विचारायलाच हवा. विचारल्याने डोक्यात नवीन काही शिरत नाही.

एमएसडब्ल्यू_पुणे:
मुळात कागदच चुकीचा. आमच्याकडे हॅड्स वापरतात, चिंता आणि डिप्रेशन चाचपायचा दुसरा कागद. १९८३ पासूनचा, १४ प्रश्न, त्यात भूक-वजन नाहीच.

रात्रपाळी:
कागद कुठलाही घ्या, मुलीने अंदाजाने भरला तर काय उपयोग? कॅनडात १९९७ च्या अभ्यासात १९७ अंतिम टप्प्यातल्या रुग्णांना ‘तुम्ही उदास आहात का’ एवढंच विचारलं, आणि डिप्रेशनचं निदान झालेले सगळे त्यात सापडले.

एमएसडब्ल्यू_पुणे:
ब्रिटनमध्ये तोच प्रश्न तितका चालला नाही, तेही सांगा ना. आणि आपल्याकडे ‘उदास आहात का’ विचारलं तर आजोबा ‘छे’ म्हणून मोकळे. मी ‘करमतं का?’ विचारते.

रात्रपाळी:
हे मान्य. ताई, गप्प कधीपासून? हळूहळू की दोन-चार दिवसांतच? वेळ-काळ चुकतो का? तसं असेल तर ते डिप्रेशन नसून डिलिरियम, म्हणजे आजाराने किंवा औषधाने अचानक भान गोंधळणं, असू शकतं, सोमवारची वाट बघू नका. डेक्सा (डेक्सामेथासोन, स्टेरॉइड) चालू आहे?

कृष्णाकाठ:
महिनाभर हळूहळू. भान चोख, दूधवाल्याचा हिशोब तेच सांगतात. डेक्सा आहे, भुकेसाठी. रात्री जेवणानंतर देतो.

रात्रपाळी:
रात्री?! त्यानेच झोप उडत असेल. ती सहसा सकाळी देतात. डॉक्टरांना आजच फोन करून वेळ बदलून घ्या, परस्पर बंद मात्र करू नका.

विमावाला_अण्णा:
मानसोपचाराचा खर्च पॉलिसीत बसतो का ते आधी बघा. २०१७ च्या कायद्यात

पाटीलबुवा:
अण्णा, वेगळा धागा काढा.

कृष्णाकाठ:
एक राहिलं. बाबांना चौथी स्टेज सांगितलेली नाही. दादाची सक्त ताकीद आहे. सोमवारी ते डॉक्टर बोलून तर बसणार नाहीत ना?

एमएसडब्ल्यू_पुणे:
हे आत्ता सांगताय? केमो का थांबवली म्हणून सांगितलंय त्यांना?

कृष्णाकाठ:
अंगात ताकद आली की परत सुरू करू म्हणून.

हिरवं_पान:
बरोबरच केलंत. खरं ऐकून माणूस खचतो.

रात्रपाळी:
ते आत्ता काय फार उभारीत आहेत का? ताई, चष्मा द्या, कागद त्यांच्या हातात द्या. नाहीतर नुसतं करमतं का विचारा. नवव्याला ‘हो’ आलं तर एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. रात्री-बेरात्री टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलतात.

कृष्णाकाठ:
आज दाढी करून देताना विचारलं. एक गाल पुरा होईपर्यंत काही नाही. मग म्हणाले, “तुम्ही दाराबाहेर कुजबुजता, मी झोपल्याचं सोंग घेतो. कसं करमेल?” आता हे कुठल्या प्रश्नात धरायचं?

रात्रपाळी:
जसंच्या तसं लिहून सोमवारी डॉक्टरांना दाखवा. नववा विचारलात?

कृष्णाकाठ:
नाही. दादा आत आला.