शब्दचर्चा: सिंक्रोनस ग्रिडला मराठीत काय म्हणायचं?

एस्टोनिया, लाटविया आणि लिथुआनिया फेब्रुवारी २०२५ मध्ये रशियाच्या ग्रिडमधून बाहेर पडून युरोपच्या ग्रिडमध्ये गेले, त्यावर मराठीत एक लेख लिहितेय आणि दोन शब्दांवर अडलेय. क्रॉस बॉर्डर ग्रिडला "आंतरदेशीय वीजजाळं" चालेल का? आणि सिंक्रोनसला काय लिहू? समकालिक सुचतो पण तो वाचून लोकांना समकालीन आठवणार.

प्रतिसाद १
आंतरदेशीय नका लिहू ताई. अंतर्देशीय म्हणजे देशातल्या देशात, पोस्टाचं निळं पत्र आठवा. दोन्हीत फरक एवढुसा, टाइप करताना हमखास चुकतो आणि अर्थ बरोब्बर उलटा होतो. सीमापार लिहा, सगळ्यांना कळतं. ग्रिड मात्र ग्रिडच ठेवा, बातम्यांमध्ये पक्का रुळलाय, जालक वगैरे कुणी बोलत नाही.

प्रतिसाद २
सीमापारला माझंही मत. सिंक्रोनसबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण आपल्याकडे "ग्रिडला जोडलं" हे एकच क्रियापद दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात आणि तुमच्या लेखाचा सगळा जीव नेमका त्या फरकात आहे.

बाल्टिक देशांच्या तारा युरोपला आधीच जोडलेल्या होत्या. एस्टोनिया ते फिनलंड समुद्राखालची केबल २००६ पासून, लिथुआनिया ते पोलंड लाइन २०१५ पासून, स्वीडनची केबल २०१६ पासून. वीज येत जात होती, खरेदी विक्री चालू होती. पण हे सगळे दुवे डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) होते, म्हणजे एसी (सतत दिशा बदलणाऱ्या) विजेची आधी डीसी करायची आणि पलीकडे पुन्हा एसी. अशा दुव्यातून वीज जाते पण फ्रिक्वेन्सी, म्हणजे एसीची सेकंदाला किती आवर्तनं होतात ती संख्या, जात नाही, ती दोन्हीकडे आपापली राहते. त्यामुळे या तीन देशांची ५० हर्ट्झ सांभाळायचं काम शेवटपर्यंत मॉस्कोतून होत होतं. ८ फेब्रुवारीला त्यांनी रशिया आणि बेलारूसकडच्या लाइनी तोडल्या आणि ९ तारखेला पोलंडकडून एसीनेच युरोपशी सिंक झाले. त्या दिवशी बदललं ते हे, की आता लिस्बनपासून टालिनपर्यंतची जनरेटरं एकाच लयीत फिरतात, एका दिंडीतले टाळ एका ठेक्यावर वाजावेत तशी. म्हणून मी एकलय ग्रिड सुचवेन.

युरोपच्या या एकलय ग्रिडची सुरुवात १९५८ ची. स्वित्झर्लंडमध्ये ऱ्हाइनकाठी लाऊफेनबुर्ग म्हणून छोटं गाव आहे, तिथे स्विस, जर्मन आणि फ्रेंच ग्रिड २२० केव्हीवर (किलोव्होल्ट) एकत्र जोडले. त्याला लाऊफेनबुर्गचा तारा म्हणतात, आकाशातला तारा या अर्थाने. (मराठीत लिहिताना जपून, वाचणाऱ्याला तारा म्हणजे वायरीच वाटतील, चांदणी लिहिलेलं बरं.) महायुद्ध संपून तेरा वर्षंसुद्धा झाली नव्हती आणि जर्मनी फ्रान्सची जनरेटरं एका लयीत फिरायला लागली, मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

प्रतिसाद ३
शब्द छान आहे पण लय बिघडली तर सगळ्यांचीच बिघडते का मग? तसं असेल तर शब्द अजूनच चपखल.

प्रतिसाद २ कडून
हो, सगळ्यांचीच. २०१८ च्या सुरुवातीला कोसोव्होत विजेची तूट पडली, ती कुणी भरून काढायची यावर सर्बियाशी वाद झाला आणि कुणीच भरली नाही, तर फ्रिक्वेन्सी ५० च्या किंचित खाली राहिली, किंचित म्हणजे सरासरी ४९.९९६. मायक्रोवेव्ह, ओव्हनवरची काही घड्याळं विजेची आवर्तनं मोजून वेळ दाखवतात, ती मार्चपर्यंत जवळजवळ सहा मिनिटं मागे पडली आणि तीही पंचवीस देशांत. इंग्लंडमधली नाही पडली. तिथे फ्रान्सहून १९६१ पासून केबल आहे पण डीसी, लय वेगळी.

प्रतिसाद ४
आपल्याकडचं उदाहरण टाकते. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला बॅक टू बॅक स्टेशन आहे, म्हणजे एकाच जागी एसीची डीसी आणि लगेच पुन्हा एसी करणारं, पश्चिम आणि दक्षिण ग्रिड बरीच वर्षं तिथून डीसीने जोडलेले होते, म्हणजे एकाच देशात दोन लयी. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर सोलापूर ७६५ केव्ही लाइन सुरू झाली तेव्हा दक्षिण बाकी देशाशी सिंक झाली. तेव्हा "दक्षिण भारत ग्रिडला जोडला" असं वाचून कुणालाही वाटेल की आधी तारच नव्हती. आणि त्याच वर्षी बांगलादेशही जोडला गेला, पश्चिम बंगालमधल्या बहरामपूरहून त्यांच्या भेडामाराला, पण तिथे बॅक टू बॅक. म्हणजे नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची ४० मेगावॉट वीज भारतातून बांगलादेशला गेली ती भेडामारापर्यंत आपल्या लयीत आणि तिथून पुढे त्यांच्या.

फक्त एकलय ऐवजी कुणी एकताल सुचवू नका, तो बारा मात्रांचा ठरलेला ताल आहे.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार, सीमापार आणि एकलय दोन्ही घेते, पहिल्यांदा येईल तिथे सिंक्रोनस पण लिहीन. आता एकच राहिलं. ८ आणि ९ तारखेच्या मधे तिन्ही देश कुणाशीच एकलय नव्हते त्याला इंग्रजीत आयलंड मोड म्हणतात, "बेट झाले" लिहू का?

प्रतिसाद ४ कडून
"बेट झाले" वाचून भूगोल आठवतो. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली तेव्हापासून आयलंडिंग (ग्रिडपासून वेगळं होऊन एखाद्या भागाने आपली वीज आपण चालवणं) शब्द इकडे पेपरात येतो, तोच ठेवा. नाहीतर सरळ "त्या काळात तिघांनी मिळून स्वतःची फ्रिक्वेन्सी स्वतः सांभाळली" असं लिहा, जास्त लांब होतं पण झालं ते नेमकं तेच.